पुढं न्या

गजा, परवा आपला देश पुन्हा हरला, आणि पाच जण मागं ठेवूनच हरला. शेवटची काही मिनिटं राहिली होती. आपले सगळे आपल्याच गोलसमोर खेटून उभे होते, आणि चेंडू त्या गर्दीच्या पायांतून निवांत आत गेला, जसा काही पत्ता विचारतच आला होता. तुझ्या दुकानाचं शटर बंद, म्हणून मी आपल्या गावच्या, गोरेगावच्या एसटी स्टँडवरच्या हॉटेलात उभ्यानं मॅच पाहिली. गोल झाल्यावर कुणीतरी "गेली" म्हणालं आणि चहा सांगितला. बस. टीव्हीला शिवी दिली नाही कुणी. तू खरंच मेलास हे मला तिथं कळलं. सरणापाशी कळलं नव्हतं, तेराव्यालाही नाही.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांच्या सुखदुःखात धावणारा. मी मांडवाच्या कडेला बसून ऐकत होतो आणि डोकं तापत होतं. मनमिळाऊ? तू? मोबाईल दुरुस्तीला आणलेल्या माणसाला तू म्हणायचास, "फोन बरा हाय, चालवणारा बदला." तरी लोक यायचे, कारण गावात दुसरा मोबाईलवाला नव्हता. मेलेल्याला धुऊनपुसून पाटावर बसवायची ही रीत मला पटत नाही. मी पत्रकं लिहिणारा माणूस. अर्ध्या कागदात म्हणणं मांडायचं असतं, तिथं खोट्याला जागा कुठं? तू म्हणाला असतास, "पत्रक्या, तिथं खोटंच तर बसतंय."

त्याच मांडवात तुझ्या काकांनी मला बाजूला घेतलं. "वहिनी तुला इचारीन," ते म्हणाले. "तू जीपात व्हता. पोरगं वाचलं असतं का, असं इचारीन. तू न्हाई म्हण. आयुष्याची दोरी तेवढीच व्हती म्हण. तिला तेवढ्यावर जगायचंय." तुझी माय समोर बायकांत बसली होती आणि माझ्याकडं बघत होती. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मागं आहे. तिला उत्तर देऊन आलो, आता तुझ्याशी बोलून घ्यावं म्हणून बसलो. तिला काय सांगितलं तेही सांगतो, पण शेवटी. तुला शेवट आधी ऐकायची सवय, माहीत आहे. थांब जरा.

आपल्याकडं खेळ म्हणजे कबड्डी, नाहीतर क्रिकेट. फुटबॉल तू आणलास, आणि तो काही खेळाच्या प्रेमापोटी नाही. क्रिकेटच्या संघात तुला कुणी घेईना, कारण तू आउट झाल्यावर बॅट देत नव्हतास. मग तुला पेपरात एक ओळ सापडली: भारतीय संघ ५-४-१ अशा रचनेत उतरेल. त्या संध्याकाळी लाईट नव्हती, मॅच कुणी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी गायरानावर तू पोरांना उभं केलंस.

"पाच पुढं, चार मधी, एक मागं. देश असा खेळतो. आपुन बी असंच खेळायचं."

"दहाच झाले की," शिवा म्हणाला. "अकरावा?"

"त्यो गोलवाला. त्याला मोजत न्हाईत."

"काहून?"

"त्यो हात लावतो."

आकडा पुढून वाचायचा हे तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं, तर तू माझ्याकडं असं बघितलंस की जणू मी गावाबाहेरचा आहे. "पोळ्याला तोरणाखालून बैल सोडतेत, तवा पयले कुणाला मोजतेत? मानाच्या बैलाला. त्यो पुढं असतो. शेपटाकून बैल मोजणारा माणूस पाह्यला का तू कवा?"

नव्हता पाहिला. आणि सगळं जग फुटबॉलचा आकडा शेपटाकडूनच मोजतं, आपल्या गोलपासून पुढं मोजत जातं, हे त्या गायरानावर कुणालाच माहीत नव्हतं. तर असं झालं: देश भिऊन पाच जण मागं ठेवत होता, आणि देशाची नक्कल म्हणून गोरेगावची पोरं पाच जण पुढं घालून शेजारच्या गावावर, साखऱ्यावर तुटून पडली. साखऱ्याच्या पोरांनी आपल्याला इतके गोल मारले की शेवटी त्यांचा गोलकीपर कंटाळून मैदान ओलांडून आला आणि एक मारून गेला. तुला लाज नव्हती. "देश बी हरतोच की," तू म्हणालास. "आपुन बराबर खेळून राह्यलो."

मग तुझ्या दुकानात, तडा गेलेल्या पडद्यावर, आपण देशाची मॅच धड पाहिली. पोरं जमिनीवर, तू स्टुलावर. मग बोटानं मोजायला लागलास. मागं एक, दोन, तीन, चार, पाच. परत मोजलंस. मला वाटलं आता हा शरमेनं शटर ओढणार. तू वळून म्हणालास, "हे बैल शेपटाकून घुसवून राह्यले बे." म्हणजे चूक देशाची! तू कसला मागं घेतोयस. त्या दिवसापासून आपल्या संघाच्या खेळण्याला नावच पडलं, पोळा पद्धत, आणि त्याच दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, जे तू अर्धवट टाकून गेलास.

माझं म्हणणं अजून तेच आहे. पाच मागं ठेवणं म्हणजे भ्याडपणा नव्हे. समोरचा वेगवान आहे, उंच आहे, त्याला लहानपणापासून गवताचं मैदान मिळालंय, आणि आपल्याला नाही. कमजोरानं आधी भिंत बांधावी. त्या पाचांतले तिघं मधे राहतात आणि दोघं कडेला. चेंडू आपल्याकडं आला की कडेच्या दोघांनी उठून पळायचं, मग मागं तीनच उरतात आणि भिंतीची धडक होते. मोर्चा असाच निघतो. आधी हातात हात, मग पाय उचलायचा. मी हे तुला चहाचे कप मांडून दाखवलं होतं.

तू कप उचलून पिऊन टाकलास. "भिंत बांधून कोण जिंकलं रे? भिंतीवर फक्त पोस्टरं चिकटवतेत. तुह्यासारखे."

आणि मग पडद्यावरच्या त्या डाव्या कडेच्या खेळाडूवर बोट ठेवलंस. "त्याच्या तोंडाकडं बघू नको, कंबर बघ. कंबर कुणीकडं हाय? आपल्या गोलाकडं. ज्याची कंबर मागं, त्याचा पास मागं. त्यो कवाच पळणार न्हाई. तू कागदावर त्याला किती बी पळव."

तो पळाला नाही. त्या मॅचमध्ये नाही, परवाच्या मॅचमध्येही नाही. मधले चारही हळूहळू ओसरत मागं येतात, आणि पुढचा तो एकटा राहतो, गावानं निवेदन देऊन तालुक्याला एकट्यालाच पाठवलेल्या माणसासारखा. बिचारा हात वर करून उभा. त्याच्याकडं चेंडू येतो तोही लांबून, हवेतून, ढकलून दिलेला. एवढं तुझं बरोबर होतं. ते मी तू जिवंत असताना कबूल केलं नाही, आणि आता केलं तर तुला ऐकू येणार नाही, म्हणून करतो.

तुझा हट्ट असा की पत्रक काढ. मी म्हणालो, पत्रकं वसतिगृहासाठी असतात, एसटीसाठी असतात, देशाच्या संघात मागं किती असावेत यावर हिंगोली जिल्ह्यातून पत्रक काढतात का? "काहून?" तू म्हणालास. "देशात हिंगोली न्हाई का?" मी लिहिलं, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं लिहिलं. "राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांना जाहीर सवाल: पाच मागं का?" ते आपण आठवडी बाजारात वाटलं. एका म्हाताऱ्यानं उलटसुलट करून पाहिलं.

"हळदीचा भाव हाय का ह्याच्यात?"

"न्हाई बाबा, फुटबॉल हाय."

"मंग हे पाच मागं कोण?"

"आपला देश, बाबा."

"त्यो तर हायच," म्हातारा म्हणाला आणि पत्रकात तंबाखूची पुडी बांधली.

केळीवाल्यानं हिंदीत विचारलं, "भाई, तुम्हारा कोच इधर बाज़ार करने आता क्या?" तू त्याच्याशी भांडलास, त्याच्या गाड्यावर पत्रक चिकटवलंस, आणि वर त्याचीच दोन केळी खाल्लीस. इतका मी कधी हसलो नव्हतो, आणि इतकी चीडही कधी आली नव्हती. कारण संध्याकाळी, उरलेली पत्रकं मोजत, तू म्हणालास, "बघ, हे तुहं पयलं पत्रक हाय ज्याच्यात तू कुणाला पुढं जा म्हणलास. बाकी सगळ्यात इनंती हाय. आमी बसतो, आमी वाट पाहतो, साहेबानं खाली यावं. तुहं आंदोलन म्हंजे पाच मागं." मी तुझ्याशी आठवडाभर बोललो नाही. मित्रानं असं बोलायचं असतं का? उन्हात तहसीलसमोर कोण बसलं होतं? तू सावलीत बसून फोन उघडत होतास.

तू क्रूर होतास, गजा. ते मी इथं लिहिणार आहे, कारण मांडवात कुणी बोललं नाही. तुझ्या पोळा पद्धतीत पुढचे पाचही गावातले, घरी शेती असलेले. मागचा एक, शिवा, तांड्यावरचा. समोरून पाच-पाच जण चालून यायचे आणि हा एकटा, अनवाणी, काट्यांतून आडवा पडायचा. गोल झाला की तू लांबून ओरडायचास, "झोपला का बे?" मी तुला तोंडावर विचारलं होतं, शिवाच काहून मागं? तू म्हणालास, "त्यो दमत न्हाई." मी म्हणालो, दमत नाही म्हणून माणसाला मागं ठेवायची ही रीत तुझ्या फुटबॉलपेक्षा जुनी आहे. तू हसलास. शिवाही हसला. त्याचं हसणं मला जास्त लागलं. तू त्याला एकदा तरी पुढं घ्यायला हवं होतंस. आता काय, मेल्यावर सगळेच समान, असं म्हणतात. खोटं आहे ते. तू मेलास तेव्हाही जीप त्यालाच चालवावी लागली.

तो दिवस. साखऱ्याशीच मॅच, सोयाबीन निघालेल्या एका रानात. कडेनं चेंडू उंच आला, तू उडी मारलीस, त्यांचा गोलकीपरही उडाला, त्याचा गुडघा तुझ्या डाव्या बरगडीखाली बसला आणि चेंडू तुझ्या डोक्याला लागून आत गेला. गोल. तू जमिनीवर पडून हसत होतास. त्या गोलकीपर पोरानं तुला हात देऊन उठवलं. त्याला कुणी काही म्हणू नये, त्यानं मुद्दाम केलं नाही. तू चहा प्यालास. गोल कसा झाला ते प्रत्येकाला परत परत सांगितलंस. मग तुझे ओठ पांढरे पडले आणि तू उकिडवा बसलास. "पोटात काहीतरी तकलीफ होऊन राह्यली," तू म्हणालास. तू कधी दुखतंय म्हणणारा नाहीस. शिवा भाड्यानं चालवायचा ती जीप त्यानं काढली.

दवाखान्यांची नावं इथं घेत नाही. कुठल्याही तालुक्याची नावं घाला, गोष्ट बदलत नाही. पहिल्या ठिकाणी इमारत नवी होती, डॉक्टर नव्हते. नर्सबाईंनी तुझी नाडी धरली आणि घाबरल्या. "इथं काही होत नाही, पुढं न्या." दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर होते. त्यांनी पोट दाबलं, तू ओरडलास. आतून रक्त वाहतंय, ऑपरेशन लागेल, सर्जन नाहीत. "पुढं न्या." अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, परत शिवाची जीप. मागच्या सीटवर तुझं डोकं माझ्या मांडीवर. खड्डा आला की तू माझं मनगट आवळायचास. तिसऱ्या ठिकाणी सर्जन होते, पण भूल देणारे डॉक्टर सुट्टीवर. मी ओरडलो. मी काउंटरवर हात आपटला. मला येतं ते सगळं मी केलं, घोषणा सोडून. एका माणसानं चष्मा पुसत शांतपणे सांगितलं, "तुम्ही वेळ घालवताय. पुढं न्या."

जीपमध्ये परत निजवलं तेव्हा तू डोळे उघडलेस. आवाज नव्हताच तुझा, कान लावून ऐकावा लागला. "पत्रक्या, बघ लेका. जिल्ह्यात पयल्यांदाच सगळे पुढं पास देऊन राह्यले."

मी म्हणालो, हा पुढं पास नाही गजा, हा मागं पास आहे. ज्याला चेंडू नको असतो तो देतो तो पास. तू मान हलवलीस. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. मी तेच सांगत राहिलो. मरणाऱ्या माणसाशी वाद घालत होतो, जिंकायला बघत होतो! दुसरं काही बोलायला मला सुचलं नाही, आणि तुलाही दुसरं ऐकायचं नव्हतं. मग शिवानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि जीपचा वेग हळूहळू कमी केला. त्याला माझ्याआधी समजलं होतं. रस्त्याच्या कडेला उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता.

घरी आणल्यावर आठवड्याच्या आत बाजारतळावर शोकसभा झाली. फलकावर तुझा फोटो लहान आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे मोठे. एक पुढारी बोलायला उठले, ज्यांनी तुला कधी पाहिलं नव्हतं. "गजानन आपल्या सर्वांच्या पुढं निघून गेला," ते गहिवरून म्हणाले. मी उठलो. माइक माझ्याजवळ नव्हता, पण मला माइक लागत नाही.

"निघून गेला न्हाई. तीन ठिकाणाहून पुढं ढकलला."

"खाली बस बे," कुणीतरी माझा सदरा ओढला. "मयताच्या कामात राजकारण करू नको."

मयताच्या कामात राजकारण! माणूस मरायच्या आधी केलं ते काय होतं? पण मला एकट्यानं बोलावं लागलं, एकही जण उठला नाही. पुढचे पाचही खाली बघत बसले होते. शिवा तेवढा मागं उभा होता, जीपला टेकून, आणि तो बघत होता. सभा संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "आता म्या पुढं खेळणार. कुणाला इचारणार न्हाई." परवाच्या रविवारी खेळला. गोल काही झाला नाही. पायात जीपचा गियर असल्यासारखा पळत होता, आणि ऑफसाइड म्हणजे काय ते त्याला कुणीच शिकवलेलं नाही. मागं कुणी थांबायला तयार नव्हतं, म्हणून मी थांबलो. एकट्यानं. समोरच्या संघाची पोरं चालून आली तेव्हा तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, गजा. एका माणसाला असं उभं करतात का?

पत्रक तयार आहे. मथळा: "वाचवता आला असता." मागण्या खाली आहेत, विनंती कुठंच नाही. वाटायच्या आधी तुझ्या मायला सांगावं म्हणून परवा मॅच संपल्यावर तसाच हॉटेलातून तुझ्या घरी गेलो. ती ओसरीवर बसली होती. दुकानातले फोन पोत्यात भरून घरी आणलेत, लोक येऊन आपापले मागतात, आणि कुठला कुणाचा ते तिला कळत नाही, म्हणून तिनं सगळे ओळीनं मांडले होते आणि एकेक पदरानं पुसत होती.

"देश हारला का?" तिनं विचारलं.

"हारला, काकू."

"त्यो असता तर जेवला नसता आज." मग ती थांबली. हातातला फोन खाली ठेवला. "तू व्हता ना जीपात. समदे म्हणतेत दोरी तेवढीच व्हती. तू सांग. वाचला असता का त्यो?"

तिला "न्हाई" पाहिजे होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढा एक शब्द मी टाकला असता तर ती त्याला धरून उरलेली वर्षं काढणार होती. काका आतल्या दारात येऊन उभे राहिले, डोळ्यांनी मला सांगत होते. भिंत बांध, सांगत होते. पाच मागं घे.

"व्हय काकू," मी म्हणालो. "वाचला असता."

"कुठं?"

"पहिल्या ठिकाणी डॉक्टर असते तर."

ती बघत राहिली. मला वाटलं एवढं पुरे. पण तिचे डोळे हलेनात, आणि अर्धं खरं सांगून उठायचं मला जमत नाही.

"दुसऱ्या ठिकाणी सर्जन असते, तरी वाचला असता. तिसऱ्या ठिकाणी भूल देणारे असते, तरी बी."

"तीनदा?"

"व्हय."

"तीनदा वाचला असता माहं लेकरू?"

मी मान हलवली. काकांनी कपाळाला हात लावला. ती रडली नाही. समोरचे फोन तिनं एकेक करून पोत्यात टाकले, सावकाश, जसे काही फुटतील, आणि उठून म्हणाली, "तुहं पत्रक वाट तू. गावात वाट, हिंगोलीत वाट. माह्या दारात पुन्ना येऊ नको." आणि दार लावलं. आतून कडी लागल्याचं मी ऐकलं.

मी चुकलो असं मला वाटत नाही. उद्या पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगीन, आणि उद्या बाजारात पत्रक वाटणार आहे, शिवाही येतोय. तुझ्या मायनं खोट्यावर जगावं असं मला वाटत नाही. तिला माझ्यावाचून जगता येईल. पण एक तुला सांगतो, कारण आता मला तुझ्या घराचा रस्ता बंद आहे आणि हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. तूही तिला हेच सांगितलं असतंस, गजा. माझ्यापेक्षा तोडून सांगितलं असतंस. आणि तिनं तुला शिव्या देत देत आत नेऊन ताट वाढलं असतं.